दोनशे वॅटची खोली

पेडणेकरकाकांच्या वर्कशॉपमध्ये कुणीही पाऊल टाकलं, की ते हातातल्या कामावरून मान वर न करता म्हणायचे, "या, शंभर वॅट आले!" पोस्टमन आला तरी शंभर वॅट आणि बोटीवरचा कॅप्टन आला तरी शंभर वॅट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हे आपल्या वजनावर काहीतरी बोलले. मी पुण्याची. आपला अपमान झालाय की नाही हे आधी नीट तपासून घ्यायची आम्हाला सवय असते. काकू हसत म्हणाल्या, "अगो, रागावू नको. स्वस्थ बसलेलं माणूस शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतं म्हणे. ह्यांना माणूस दिसतच नाही, हीटर दिसतो." तेव्हा कुठे काकांनी डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. "माणूस आत आला की खोली गरम होते, आणि तीही फुकट. बस, पुणेकरीण. आणि दार लाव बघू. तुझे शंभर बाहेर सांडतायत."

सिंगापुरात खोली गरम करायची भाषा ऐकून कुणालाही हसू येईल. आम्ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्याच्या नोकरीपायी तिथे गेलो, ते हौगांग वसाहतीतल्या एका फ्लॅटमध्ये. निघताना आईने माझ्या बॅगेत बळेबळे एक स्वेटर कोंबला होता, कारण परदेश म्हटला की थंडी असणारच. तो स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने कपाटात पडून होता आणि मी घामाने निथळत होते. तो अंगात घालायची वेळ आणली ती पेडणेकरकाकूंनी.

काकू आमच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, राहायच्या. त्या काळी तिथल्या लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसत. मधल्या मजल्यांवरच्या लोकांनी एका थांब्यावरून चढायचं किंवा दुसऱ्यावरून उतरायचं. आम्ही तरणीताठी माणसं खालच्या थांब्यावरून चढत असू. काकू मात्र वरच्या थांब्याला जाऊन जिने उतरत. एकदा ती लिफ्ट बंद होती, तेव्हा मला त्या जिन्यात पायरीवर बसलेल्या दिसल्या. हातात दम्याचा पंप, कपाळावर घाम आणि तोंडावर हसू. "काही नाही गो, कबुतरं बघतेय," म्हणाल्या. आसपास एकही कबुतर नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी माझं नाव, गाव, मुलगी कितवीला हे सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर ह्यांच्या वर्कशॉपात चल. तुझ्याकडे स्वेटर आहे ना?"

ते वर्कशॉप आमच्या वसाहतीपासून बसने थोडं पुढे, कारखान्यांच्या एका जुन्या इमारतीत होतं. शेजारच्या गाळ्यात मासळीचं शीतगृह. दोन्ही गाळ्यांना मिळून एकच भिंत. पलीकडे पापलेट आणि सुरमई दगडासारखी गोठून पडलेली, आणि अलीकडे काका बोटींवरचे प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजायची काट्यांची यंत्रं, दुरुस्त करत बसलेले. त्या भिंतीमुळेच तो गाळा कुणी घेत नव्हतं आणि त्या भिंतीमुळेच तो काकांना परवडला. खिडकी नाही, भिंतीवरून पाण्याचे ओघळ, खाली कायम ओली फरशी. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत शिरलं की अंगावर काटा यायचा. दुरुस्त झालेले गेज काका एका लाकडी कपाटात ठेवत आणि त्या कपाटात रात्रंदिवस एक पिवळा दिवा जळत असे. दिव्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते आणि काटे गंजत नाहीत. "गेजला दिवा आहे," काकू म्हणायच्या, "मला मात्र स्वेटर."

काका वेंगुर्ल्याचे. उंच, काटक, नाकावर कायम ग्रीसचा एक डाग. आयुष्यभर त्यांनी शीतगृहाच्या बोटींवर चीफ इंजिनिअर म्हणून काम केलं होतं. केळी, मांस, सफरचंदं असा नाशवंत माल थंड ठेवून ते जगभर पोचवायचे. "सगळी नोकरी थंडी माझ्या हाताखाली होती," असं ते मिशीवर बोट फिरवत सांगायचे. "आता मी किनाऱ्याला लागलो, तर बया शेजारीच बिऱ्हाड करून बसली." एरवी ते आमच्याशी स्वच्छ, थोडंसं शाळेतल्या मास्तरांसारखं मराठी बोलत. रागावले किंवा मनातून हलले की मालवणीत शिरत. त्यांच्या मनाचा काटा कुठे आहे ते आम्ही त्यावरून ओळखायचो.

बोट त्यांनी सोडली ती काकूंसाठी. मूलबाळ नव्हतं. ते समुद्रावर असताना काकू वेंगुर्ल्याच्या घरात एकट्याच असायच्या. एकदा दम्याचा असा जोराचा झटका आला, की शेजारणीला हाक मारण्याएवढाही श्वास उरला नाही. काकू जमिनीवर पडल्या पडल्या हाताशी लागलेलं पितळेचं तबक फरशीवर आपटत राहिल्या. पुष्कळ वेळाने कुणीतरी तो आवाज ऐकून आलं. काकांना बोटीवर बातमी पोचली तोवर काकू दवाखान्यातून घरीसुद्धा आल्या होत्या. काकांनी पुढच्याच बंदरात राजीनामा दिला. ते बंदर सिंगापूर होतं, मुंबई असतं तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. तिथेच ओळखीपाळखीने कामाचा परवाना मिळवला, काकूंना बोलावून घेतलं आणि विमानतळावरच त्यांना सांगून टाकलं, "आता तुका एकटी सोडूचंय नाय."

आणि त्यांनी तो शब्द अक्षरशः पाळला. सकाळी डबा घेऊन दोघं एकाच बसने निघत आणि संध्याकाळी एकाच बसने परत येत. फ्लॅटमध्ये एकटं थांबायचं म्हटलं की काकूंना ते तबक आठवायचं. त्यामुळे वर्कशॉपमधली काकूंची वेताची खुर्ची ही हौसेची गोष्ट नव्हती. ती त्यांना हवीच होती. अडचण एवढीच, की ती खुर्ची त्या थंड, ओल्या भिंतीपासून चार हातांवर होती आणि ओल म्हणजे दम्याचा सख्खा भाऊ. दुसरा गाळा झेपण्यासारखा नव्हता. म्हणून काकांनी ठरवलं, की ही भिंत जिंकायची.

सामान मात्र फुकटातलं हवं होतं. शीतगृहाचा तौके, म्हणजे मालक, एक गोलमटोल चिनी गृहस्थ होता. काकांनी त्याच्याकडे भिंतीची तक्रार केली तेव्हा तो तिथल्या बोलण्यातलं 'लाह'चं शेपूट जोडून म्हणाला होता, "अंकल, माय फिश मस्ट बी फ्रोझन, यू नो. युवर साइड, युवर प्रॉब्लेम लाह." पण माणूस वाईट नव्हता. मासे ज्यातून यायचे ते थर्माकोलचे खोके तुटले की तो काकांसाठी बाजूला ठेवायला लागला. "टेक, टेक. ब्रोकन वन, ऑल यू टेक." काका ते खोके घरी आणून, धुऊन, आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत वाळवायचे. अख्ख्या ब्लॉकला मासळीबाजाराची कळा आली. मला, एका शाकाहारी पुणेकरणीला, नाक मुठीत धरून जावं लागे, आणि काकू खोल श्वास घेऊन म्हणायच्या, "काय सुंदर वास सुटलाय! भूक लागली."

काका थर्माकोलचे तुकडे कापून भिंतीवर बसवत आणि मला शिकवत. मी नुसती चहा प्यायला आलेली असे, पण त्यांना विद्यार्थी लागायचा. "हे पाणी भिंतीतून येतं असं सगळ्यांना वाटतं," ते म्हणत. "साफ चूक. घाम भिंतीचा नसतो, हवेचा असतो. ही आपली ओली गरम हवा गार भिंतीला टेकते आणि तिथे रडते. म्हणून नुसती भिंत झाकून भागत नाही, हवेला भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. थर्माकोलवर, आपल्या बाजूने, प्लॅस्टिकचा कागद. त्याला एक फट ठेवायची नाही. हवा म्हणजे लग्नातला आगंतुक आहे. पुढच्या दाराने हाकला, मागच्या दाराने पंगतीत बसतो." प्लॅस्टिकची एक मोठी गुंडाळी त्यांनी कुठल्याशा गोदीतून मिळवून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. त्यावर जुन्या खोक्यांच्या फळ्या मारल्या की झालं, असा बेत होता.

तेवढ्यात काकूंनी गोधडी शिवायला घेतली.

काकूंच्या गोधड्यांबद्दल सांगायला हवं. काका बोटीवर निघाले की दर खेपेला त्या एक गोधडी शिवून बॅगेत घालायच्या. जुन्या सुती साड्या, मध्ये जुनं धोतर, बारीक धावदोरा आणि चार कोपऱ्यांना लाल ठिपके. बोटीवर कंपनीची ब्लँकेट असत. काका गोधडी न उलगडता तशीच परत आणत आणि काकू तिची घडी बघूनच ओळखत, पण बोलत नसत. आता नवरा जमिनीवर होता आणि त्याच्या वर्कशॉपात एक अख्खी भिंत थंडीने कुडकुडत होती. काकूंनी काकांचे बोटीवर कामाला घालायचे जुने बॉयलर सूट उसवले, आपल्या साड्या काढल्या, लिटिल इंडियातून दोऱ्याची रिळं आणली आणि त्या वेताच्या खुर्चीत बसून भिंतीच्या मापाची गोधडी शिवू लागल्या. इतकी मोठी, की शिवलेला भाग काकांच्या टेबलाखालून पलीकडे जायचा.

"गोधडीने ऊब येते की नाही?" त्या मला विचारायच्या, काकांना ऐकू जाईल अशा बेताने.

"गोधडी ऊब देत नाही," काका तिकडून म्हणायचे. "तुझीच ऊब तुला परत देते. आधी ठेव ठेवावी लागते."

"ठेवलीय हो ठेव. एवढी वर्षं ठेवलीय. आता व्याजासकट परत द्या."

यावर काका हसायचे आणि गेजमध्ये डोकं घालायचे. गोधडी पुरी झाली त्या दिवशी मी तिथे होते. काकांनी ती दोन्ही हातांनी तोलून पाहिली. निळे बॉयलर सूट, मध्ये मध्ये काकूंच्या साड्यांचे हिरवे-जांभळे तुकडे, कोपऱ्यांना लाल ठिपके. त्यांनी एकदा कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या गुंडाळीकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं. काकू लहान मुलीसारख्या हात बांधून उभ्या होत्या. काकांनी शिडी घेतली, थर्माकोलवर ती गोधडी नीट ताणून ठोकली आणि म्हणाले, "झाक झाली. आता कागद नको, फळ्या नकोत. एवढ्याने पुरेल."

मला त्यांचा राग येतो तो इथे. आज एवढ्या वर्षांनीही येतो. त्यांना माहीत होतं. मला, इतिहासात बी.ए. झालेल्या बाईला, त्यांनी महिनाभर घोकून घेतलं होतं, की हवेला फट द्यायची नाही, आणि कापड म्हणजे तर नुसती फटच. पण आयुष्यभर न उलगडलेल्या गोधड्यांचं देणं फेडायची संधी समोर आली आणि चीफ इंजिनिअर पेडणेकरांनी आपलं सगळं शास्त्र गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं.

पहिले काही महिने खरोखर फार चांगले गेले. खोलीतली बोच गेली. भिंतीवरचे ओघळ दिसेनासे झाले, म्हणजे गोधडीआड गेले, पण ते तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. ती रंगीत भिंत बघायला गोदीतले लोक येत. तौकेसुद्धा आला, गोधडीवर हात फिरवून "वाह, आंटी, व्हेरी पावरफुल!" म्हणाला आणि जाताना काकूंना एक पापलेट देऊन गेला. काका दार उघडलं की हिशेब करायचे, "मी शंभर, ही शंभर. खोली दोनशे वॅटची. त्यात पुणेकरीण आली, तीनशे. आता पंखा लावावा लागणार!"

मग त्या वर्षी सुमात्रातल्या पेटलेल्या जंगलांचा धूर आला. सत्त्याण्णव साल. सकाळी खिडकी उघडली की समोरचा ब्लॉक दिसत नसे आणि घशात जळकट चव येई. टीव्हीवर रोज हवेचे आकडे सांगत. माझी रेवा शाळेतून येऊन जाहीर करायची, "आई, टीचर सेड नो पीई. एअर सो बॅड लाह!" काकूंचा खोकला वाढला, धाप वाढली, आणि आम्ही सगळ्यांनी एकमुखाने त्या धुराला शिव्या घातल्या. डॉक्टरांनी धुरात फिरू नका, बंद खोलीत बसा, असं सांगितलं. आता काकूंच्या वाट्याची बंद खोली कुठली? फ्लॅटच्या खिडक्या नीट लागत नव्हत्या. वर्कशॉपला खिडकीच नव्हती. तेव्हा काकूंना रोज सकाळी टॅक्सीने वर्कशॉपात न्यायचं, दार घट्ट लावायचं, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं आणि त्या गोधडीशेजारच्या खुर्चीत बसवायचं, असा क्रम सुरू झाला. तिथे त्यांना बरं वाटेल अशी आमची खात्री होती. त्यांना बरं वाटत नव्हतं. त्या मात्र "आज जरा कमी आहे" म्हणायच्या, कबुतरं बघतेय म्हणाल्या होत्या तशाच.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर काकूंना बोलता येत नव्हतं. ओठ निळसर पडलेले. पंपाने काही होईना. काकांनी त्यांना उचललं आणि दार लाथेने उघडलं. तौके आपला मासळीचा ट्रक बाहेर काढतच होता. त्याने एका नजरेत ओळखलं. "कम, कम, अंकल, फास्ट!" त्या ट्रकमधूनच काकू इस्पितळात पोचल्या. वाचल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंचा चष्मा राहिला होता तो घ्यायला मी काकांबरोबर वर्कशॉपात गेले. दार रात्रभर बंद राहिलेलं. आत शिरताच एक कुबट, आंबूस वास नाकात घुसला. रोजच्या जाण्यायेण्यात तो आमच्या अंगवळणी पडला होता, की आम्हीच तो मासळीच्या खात्यावर टाकत होतो, कोण जाणे. काका बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी गोधडीचा कोपरा धरून ओढला. भिजून जड झालेलं कापड चिकटल्यासारखं सुटत आलं. मागची बाजू काळी होती. निळ्या कापडावर, साड्यांवर, लाल ठिपक्यावरसुद्धा काळी बुरशी, हाताला लागेल अशी. थर्माकोलच्या सांध्यासांध्यातून पाणी.

"भिंतीक घाम इलो," काका म्हणाले.

ते खाली ओल्या फरशीवरच बसले आणि गोधडीचा कोपरा मांडीवर घेऊन स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागले. "माणसाच्या श्वासात पाणी असतं गो. ही इथे बसून श्वास टाकायची. दार बंद, सगळ्या फटी बंद. तो श्वास जाणार कुठे? ह्या गोधडीत गेला. हिचाच श्वास गोधडीने घेतला, त्याची बुरशी केली आणि हिलाच परत दिला. माका म्हायत होतां. माका सगळां म्हायत होतां."

इस्पितळात काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो गोधडीचाच, कारण काकांच्या शर्टाला वास येत होता. काका म्हणाले, "तौकेच्या मोरीचं पाणी तुंबलं. गोधडी भिजली. काढून ठेवलीय."

"मासळीच्या पाण्याचा वास मला शिकवू नका," काकू म्हणाल्या. त्यांना एका दमात बोलता येत नव्हतं, मध्ये मध्ये थांबत होत्या. "वेंगुर्ल्याची आहे मी. हा ओलीचा वास आहे. गोधडीला बुरशी आली ना?"

काकांनी मान डोलावली.

"तुम्हाला ठाऊक होतं, येईल म्हणून?"

"तू एवढी शिवली होतीस."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. मी उठायला लागले तेव्हा त्या तशाच, डोळे मिटून म्हणाल्या, "एवढ्या गोधड्या न उलगडता परत आणल्यात. मी एका शब्दाने बोलले का? मग ह्याच खेपेला कशाला मन राखायला गेलात? आधी कागद लावतो, वर गोधडी लावू, एवढंच सांगायचं होतं. मी काय रुसून माहेरी गेले असते?"

माहेरी मात्र त्यांना जावंच लागलं. डॉक्टर म्हणाले, निदान काही महिने कोरड्या हवेत राहू दे, त्या खोलीत पुन्हा पाऊल नको. मिरजेला काकूंचे भाऊ स्थायिक झाले होते. घर भरलेलं, हवा कोरडी. परवाना आणि घेतलेली कामं सोडून काकांना लगेच निघता येत नव्हतं. चांगी विमानतळावर निरोप द्यायला मीही गेले होते. काकूंनी त्यांना जेवणाच्या, औषधांच्या सूचना दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भिंत नीट करा. घाई नको, पण उशीरही नको. सुकली की बोलवा."

त्यानंतरचे काका मी पाहिले ते कामाला जुंपलेले. सगळा थर्माकोल उपटला, भिंत खरवडली, धुतली, वाळवली. नवे तुकडे असे कापले, की सांध्यात नख शिरणार नाही. वर प्लॅस्टिक, त्याच्या कडा दुमडून चिकटवलेल्या, वर फळ्या. गेजच्या कामातून वेळ काढून, जेवण उभ्याने करून. माझ्याशी शिकवल्यासारखं बोलणं बंद झालं होतं. फक्त एक परीक्षा त्यांनी मला सांगितली. फळ्यांखाली त्यांनी एका बशीत मीठ ठेवलं होतं. "ही युक्ती हिचीच. पावसाळ्यात वेंगुर्ल्याला मिठाला पाणी सुटतं, तेव्हा ही म्हणायची हवा ओली आहे, पापड काढू नका. मीठ चिकटलं तर भिंत नापास." दोनदा मीठ चिकटलं. दोनदा काकांनी फळ्या उचकटून कुठे फट राहिली ते शोधलं. तिसऱ्या खेपेला मीठ दिवसेंदिवस मोकळं राहिलं. तेव्हा त्यांनी आमच्या घरून मिरजेला फोन लावला. काकू फोनवर आल्यावर ते नुसतं म्हणाले, "मीठ मोकळं आहे. ये." तिकडून काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. काकांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं ते मात्र दिसलं.

तिकीट काढलं गेलं. काकूंच्या खुर्चीचा सुटलेला वेत काकांनी स्वतः विणून घेतला.

त्या आठवड्यात मिरजेहून फोन आला तो आमच्याच घरी, कारण वर्कशॉपचा फोन लागत नव्हता. काकूंचे भाऊ होते. घरातली सगळी मंडळी एका लग्नाला गेली होती. काकूंनीच त्यांना आग्रहाने पाठवलं होतं, मला आता बरं आहे म्हणून. परत आली तेव्हा सगळं संपलं होतं.

मी बसने वर्कशॉपात गेले. कशी गेले आठवत नाही. दार ढकललं. काका फळ्यांना शेवटचं पॉलिश करत होते, माझ्याकडे पाठ होती. म्हणाले, "या, शंभर वॅट आले!"

मी काय बोलले ते आता सांगता येणार नाही. ते वळले, माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून ठेवलं. एकच प्रश्न विचारला, "जवळ कोण होतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण खोटं त्या घरात कधी टिकलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणी नव्हतं, काका."

ते मिरजेला जाऊन आले. महिन्याभराने, आम्ही पुण्याला कायमचं परत निघायच्या आधी, मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. सवयीने स्वेटर पिशवीत घेतला होता. तौके दाराशीच भेटला, हात हलवत म्हणाला, "अंकल एव्हरी डे अलोन. नो टॉक." आत शिरले तर खोली छान कोरडी, उबदार. भिंतीला हात लावून पाहिला. सुकी, खडखडीत. स्वेटर पिशवीतून काढावा लागला नाही. काका मात्र लोकरीची जर्सी घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. शंभर वॅट आल्याचं काही म्हणाले नाहीत.

काकूंची खुर्ची जागेवरच होती. तिच्यावर, माणूस बसलं की डोकं जिथे येईल साधारण तेवढ्या उंचीवर, वायरला एक पिवळा दिवा टांगला होता. दुपारच्या वेळी, इतर सगळे दिवे चालू असताना तोही जळत होता. मी त्या खुर्चीत बसले नाही, स्टूल ओढून घेतलं. चहा झाला, रेवाच्या शाळेचं बोलणं झालं. निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "काका, इथे आता ओल राहिली नाही. मग हा दिवा कशाला?"

काकांनी भिंगाची नळी डोळ्यावरून काढली नाही. हातातल्या गेजचा काटा अलगद शून्यावर आणत म्हणाले, "भिंतीचो हिशेब दोनशेवर धरलेलो गो. एकट्यान जमणा नाय."